चिपडांचा रंग नंतर, आधी पापणी बघा

"डॉक्टर ताई, नमस्कार. आम्ही करवीर तालुक्यात पंचगंगेच्या काठाला मळ्यात राहतो. आमचा वाघ्या चार वर्षांचा आहे. गावठीच, पण कारवानी रक्त आहे म्हणतात, उंच आणि बारीक अंगाचा. पाच दिवस झाले, त्याच्या डाव्या डोळ्यातून पाणी येतंय. काल सकाळपासून पिवळी-हिरवी चिपडं धरायला लागली, पापण्या चिकटतात. डोळा निम्मा मिटूनच असतो, उन्हात आला की पूर्ण मिटतो. सासूबाई हळदीच्या पाण्यानं धुतात. मामंजींच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनच्या वेळची थेंबांची बाटली घरात शिल्लक होती, ती दिरांनी काल दोनदा घातली. मालक म्हणतात, कुत्र्याचा डोळा आहे, आपोआप बरा होतो. सध्या आमची ऊसतोड चालू आहे, दवाखाना लांब, कुणाला सवड नाही. घरात दीड वर्षाचं बाळ आहे, त्याला काही लागणार नाही ना, हीही काळजी आहे. नेमकं कधी डॉक्टरकडं न्यायचं ते सांगा."
— एक भगिनी, करवीर तालुका

ताई, पत्राखाली तुम्ही फोन नंबर लिहिला होता ते फार बरं झालं. हे उत्तर छापून तुमच्या हातात पडेपर्यंत आठवडा गेला असता आणि वाघ्याच्या डोळ्याला आठवडा परवडणारा नव्हता. म्हणून पत्र वाचलं त्याच दुपारी तुम्हाला फोन केला. तेव्हा घाईत जे बोलले ते इथं सविस्तर लिहिते, कारण अशी पत्रं मला सारखी येतात, आणि ऊसतोडीच्या दिवसांत जास्तच.

फोनवर पहिल्यांदा सांगितलं ते हे : मामंजींची बाटली बंद, हळद बंद, आणि आजच्या आज डॉक्टर. तोड संपल्यावर नको, रविवारी नको.

तुम्ही चिपडांचा रंग अगदी बारकाईनं कळवलाय. आधी पाणी, मग पिवळं, मग हिरवट. सगळे तेच कळवतात, कारण चिपडं डोळ्यांवर येतात, ती पुसावी लागतात, फरशीला नि गोणपाटाला लागतात. पण पत्र वाचताना माझ्या पोटात गोळा आला तो पुढच्या वाक्याला : "डोळा निम्मा मिटूनच असतो, उन्हात आला की पूर्ण मिटतो." कुत्र्याच्या डोळ्यात कळ असली तरी ते बहुतेक वेळा कण्हत नाही. भाकरी खातं, शेपूट हलवतं, रात्री कोल्ह्यावर भुंकतं. घरच्यांना वाटतं, दुखत असतं तर गप पडून राहिलं असतं. त्याचं दुखणं पापणीत बघायचं असतं. पापणी मिटते, डोळा आत ओढला जातो, आतल्या कोपऱ्यातून ती गुलाबीसर तिसरी पापणी वर सरकते. कुत्रं पंजानं डोळा चोळतं, नाहीतर जमिनीला गाल घासत फिरतं. यातलं एक जरी दिसलं तरी चिपडांचा रंग कुठलाही असू दे, अगदी नितळ पाणी का येत असेना, त्याच दिवशी दाखवायचं. माझ्याकडं येणाऱ्या प्रत्येकाला मी हा एकच नियम पाठ करायला लावते.

साध्या गोष्टीला मात्र घाबरू नका. सकाळी उठल्यावर आतल्या कोपऱ्यात तपकिरी, वाळलेली, ज्वारीच्या दाण्याएवढी चिपडं असतात, पुसली की दिवसभर परत येत नाहीत, डोळा टक्क उघडा आणि चकचकीत असतो, तर ते आपल्या डोळ्यांसारखंच आहे. गुऱ्हाळाच्या धुरात बसलं, रानात पाचट पेटवलं, गाडीवर पुढं उभं राहून वारं खाल्लं, तरी दोन्ही डोळ्यांतून पाणी येतं आणि थोड्या वेळात थांबतं. जोतिबाच्या चैत्र यात्रेला गुलालात न्हाऊन आलेली कुत्री मी बघितली आहेत, भरपूर स्वच्छ पाण्यानं धुतलं की बहुतेकांचं भागतं. पाणी दुसऱ्या दिवशीही थांबलं नाही, तर मात्र दाखवा. आणि चिपडं पिवळी-हिरवी असतील पण डोळा नीट उघडा असेल, कुत्रं मजेत असेल, तर रात्री धावपळ करायची गरज नाही, पण एक-दोन दिवसांच्या आत न्या.

एक खूण आणखी सांगते, ती फार उपयोगाची आहे. पाणी एकाच डोळ्याला येतंय की दोन्हींना? दोन्हींना असेल तर धूळ, धूर, ॲलर्जी, नाहीतर सगळ्या अंगातच काहीतरी बिनसलेलं. एकाच डोळ्याला असेल तर माझा पहिला संशय असतो की त्या डोळ्यात काहीतरी गेलंय किंवा त्याला काहीतरी लागलंय. वाघ्याचा एकटा डावा डोळा. मळ्यातलं कुत्रं. दिवस तोडीचे. तुमच्याशी बोलतानाच माझ्या मनात दोन गोष्टी होत्या : उसाची पात, नाहीतर कुसळ.

उसाच्या पातीची धार काय असते ते मळ्यातल्या माणसाला मी सांगायला नको. तोडताना आपल्या हातापायांवर बारीक चिरा पडतात, कूस अंगात शिरून खाज सुटते. कुत्रं त्याच उसातून उंदरामागं, घोरपडीमागं सुसाट पळतं, तेही डोळे उघडे ठेवून. पात डोळ्यावरून नुसती सर्रकन गेली तरी बुबुळावरच्या पारदर्शक पडद्याला, ज्याला आम्ही कॉर्निया म्हणतो त्याला, ओरखडा पडतो. हा पडदा मिलिमीटरभरही जाड नसतो.

कुसळाची गोष्ट त्याहून वाईट. दिवाळीनंतर बांधावरचं, माळावरचं, पन्हाळा-जोतिबाच्या उतारांवरचं कुसळी गवत वाळतं आणि त्याची कुसळं धोतराला, साडीला, मेंढीच्या लोकरीला लागून गावभर फिरतात. दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ दिसतं ही म्हण आपण सहज बोलून जातो. कुत्र्याच्या डोळ्यातलं कुसळ मात्र दिसत नाही, कारण ते तिसऱ्या पापणीच्या मागं जाऊन बसतं. कुसळाचं टोक सुईसारखं असतं आणि त्याच्यावरचे बारीक केस मागच्या बाजूला वळलेले असतात, त्यामुळं ते पुढंच सरकतं, मागं येत नाही. त्याची लांब शेपटी ओलीनं पीळ सोडते, वाळली की परत पीळ भरते, जमिनीत बी रुतवण्यासाठी निसर्गानं केलेली ती सोय आहे. डोळ्यात ओल कायमचीच. कुत्र्यानं प्रत्येक वेळी पापणी मिटली की ते टोक कॉर्नियावर घासतं. घरचे रोज वरून चिपडं पुसतात, ती रोज नव्यानं येतात, आणि असे दहा दिवस जातात.

कुसळ काढताना कधी जवळ उभं राहिला असाल तर विसरणार नाही. आधी डोळा बधिर करणारे थेंब घालते. मिनिटभरात एवढा वेळ घट्ट मिटलेला डोळा आपोआप उघडतो, आणि मालकाला वाटतं बराच झाला की! मग बोथट चिमट्यानं तिसरी पापणी हलकेच धरून बाहेर वळवायची. मागं चिकट हिरवट पू असतो, तो सलाईननं धुतला की त्यात एक पिवळसर काडी दिसते, तांदळाच्या कणीएवढी. चिमट्यात धरून आली त्याच दिशेनं अलगद ओढायची. सगळं मिळून पाच-दहा मिनिटांचं काम. घरी हे करायला जाऊ नका. बधिर केल्याशिवाय कुत्रं डोकं हलवणार, काडी अर्धी तुटून आत राहणार, नाहीतर चिमटाच डोळ्यात जाणार. बधिर करणारे थेंबही घरी वापरायचे नसतात. ते पुन्हा पुन्हा घातले तर कॉर्नियाची जखम भरत नाही.

आता मामंजींच्या बाटलीबद्दल. दिरांनी चांगल्या मनानंच घातले थेंब, त्यांना बोलू नका. पण हे सगळ्यांनी नीट ऐका. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर जे थेंब देतात त्यांत बहुतेक वेळा स्टेरॉइड असतं : प्रेडनिसोलोन, डेक्सामेथासोन, नाहीतर बीटामेथासोन. बाटलीवर बारीक अक्षरात ही नावं असतात. माणसाच्या त्या डोळ्याला ते बरोबर आहे. कुत्र्याच्या कॉर्नियावर जखम असताना तेच औषध घातलं तर जखम भरायची थांबते आणि आत शिरलेल्या जंतूंना रान मोकळं मिळतं. काही जंतू आणि त्यांच्यामागं धावून आलेल्या शरीराच्या पेशी असा पाचक रस सोडतात की कॉर्निया अक्षरशः विरघळायला लागतो. एका रात्रीत, दोन दिवसांत डोळा फुटू शकतो. सगळ्यात फसवी गोष्ट अशी की स्टेरॉइडनं लाली आधी कमी होते. डोळा पांढरा दिसायला लागतो, घरच्यांना वाटतं गुण आला.

शहरातल्या एका आजोबांनी त्यांचा पांढरा पोमेरेनियन असाच आणला होता. सहा दिवस थेंब घातले होते. चौथ्या दिवशी डोळा छान दिसत होता म्हणाले. सहाव्या दिवशी पहाटे डोळ्यावर जेलीसारखा राखाडी थर आला आणि कुत्रं अंगावर हात ठेवू देईना. त्यांनी खिशातून बाटली काढून माझ्या टेबलावर ठेवली. झाकणावर निळ्या पेनानं बायकोच्या ऑपरेशनची तारीख लिहिलेली होती. तो डोळा वाचला नाही, काढावाच लागला. आजोबा कुत्र्याला मांडीवर घेऊन बराच वेळ बाहेरच्या बाकावर बसले होते. तेव्हापासून दवाखान्यात येणाऱ्या प्रत्येकाला मी विचारते, डोळ्यात आत्तापर्यंत काय काय घातलंय? लाजू नका, लपवू नका, बाटली असेल तर सोबत आणा. तुम्हालाही मामंजींची बाटली बरोबर न्यायला सांगितली ती त्याचसाठी.

म्हणून चांगला डॉक्टर आधी जखम आहे का ते बघतो, मग औषध लिहितो. त्याची तपासणी साधी आहे. फ्लुओरेसिन नावाच्या रंगाची केशरी कागदी पट्टी सलाईननं ओली करून डोळ्याला हलकी टेकवतात, डोळा धुतात आणि निळ्या उजेडात बघतात. जिथं वरचा थर सोललेला असेल तिथं हिरवाकंच डाग चमकतो. जखम नसेल तर सगळा रंग धुऊन जातो. लाल, मिटलेल्या डोळ्याला ही पट्टी न लावताच कुणी ट्यूब लिहून द्यायला लागलं, तर तुम्ही नम्रपणे विचारा, "डॉक्टर, जखम आहे का बघता का एकदा?" असं विचारण्यात काही वावगं नाही.

हळदीबद्दल सासूबाईंना माझा नमस्कार सांगा. हळदीची माया मला कळते, माझ्याही घरात कापलं-भाजलं की पहिला हात हळदीच्या डब्याकडं जातो. पण पाण्यात हळद विरघळत नाही, तिचे कण तसेच राहतात, आणि सोललेल्या कॉर्नियावर ते वाळूसारखे घासतात. मध, एरंडेल, गुलाबपाणी, आईचं दूध, काजळ, गोमूत्र, तुरटी, लिंबू, यातलं काहीही डोळ्यात नको. हे सगळं लोकांनी घातलेलं मी बघितलंय.

डोळा स्वच्छ करायचाच तर उकळून कोमट केलेलं पाणी घ्या, नाहीतर मेडिकलमधून नॉर्मल सलाईनची छोटी बाटली आणा. घरी अंदाजानं मीठ घालून पाणी करू नका. कापसाचा बोळा भिजवून मिटलेल्या पापणीवर मिनिटभर नुसता ठेवा, म्हणजे वाळलेली चिपडं मऊ होतात. ओढून काढली तर पापणीची कातडी सोलते. मग नाकाच्या बाजूनं कानाच्या बाजूला पुसा. एक बोळा एकदाच, दुसऱ्या डोळ्याला नवा. कापसाचे तंतू डोळ्यात राहायला नकोत, म्हणून धुवट मऊ सुती कापडाचे तुकडे उकळून घेतले तरी चालतील. दवाखान्यात जायच्या आधी मात्र पार लख्ख पुसू नका, थोडं राहू द्या, बघणाऱ्याला त्यातून कळतं.

आता काही गोष्टी अशा आहेत की ज्यांत संध्याकाळचीही वाट बघायची नाही.

तुमच्या भागात गुऱ्हाळं आहेत म्हणून चुन्याचं आधी सांगते. रस निवळायला चुना लागतो, त्याची पोती कोपऱ्यात असतात, आणि गोड वासाला कुत्री तिथं घोटाळतात. चुना डोळ्यात गेला तर तो वरच्यावर थांबत नाही, आत आत जाळत जातो. आधी डॉक्टर शोधू नका. कुत्र्याला तिथंच धरा, नळाची बारीक धार किंवा तांब्यानं पाणी डोळ्यावर सोडत राहा, घड्याळ लावून निदान १५-२० मिनिटं. आधी कोपऱ्यात चुन्याचे खडे दिसत असतील तर ओल्या कपड्यानं काढा. मग गाडीवर घाला. तणनाशक, कीटकनाशक, फरशीचं ॲसिड उडालं तरी हेच, आणि औषधाचा डबा सोबत न्या.

दुसरं, डोळा लाल, बुबुळ निळसर धुरकट, बाहुली मोठी होऊन उजेडातही लहान होत नाही, आणि कुत्रं डोक्याला हात लावू देत नाही. हा काचबिंदू असू शकतो. डोळ्यातला दाब वाढलेला असतो आणि दिवस-दोन दिवसांत नजर कायमची जाऊ शकते. डोळ्यात रक्त उतरलं, बुबुळावर खळगा दिसला, अचानक पांढरं फूल पडलं, कुत्रं भिंतीला धडकायला लागलं, तरी तसंच निघा.

तिसरं पग, शिह त्झू, पेकिनीज या चपट्या तोंडाच्या कुत्र्यांसाठी. यांच्या डोळ्यांची खोबणी उथळ असते. मोठ्या कुत्र्यानं मान धरली, नाहीतर गळ्याची कातडी जोरात ओढली गेली, तर अख्खा डोळा पापणीबाहेर येऊ शकतो. आत ढकलू नका. सलाईननं भिजवलेलं स्वच्छ कापड त्यावर ठेवा, ते ओलं ठेवा, आणि पळा. लवकर पोचलं तर कितीतरी वेळा डोळा जागेवर बसवता येतो.

दोन्ही डोळ्यांचं मघाशी म्हटलं, त्यात पिलांबद्दल सांगायचंच आहे. तीन-चार महिन्यांचं, लस न झालेलं पिलू, दोन्ही डोळ्यांतून पिवळी चिपडं, नाकातूनही तसाच शेंबूड, ताप, खोकला, जुलाब, आणि जेवण सोडलेलं, असं असेल तर ते डोळ्याचं दुखणं समजून ट्यूब लावत बसू नका. ते डिस्टेंपर असू शकतं. पुढं पंजाच्या गाद्या टणक होतात, अंग झटके द्यायला लागतं, आणि तिथून परत आणणं फार अवघड. माणसाला त्याचा धोका नाही, पण गल्लीतल्या बाकीच्या पिलांना जबरदस्त आहे, म्हणून वेगळं ठेवा. याची लस आहे, ती दीड-दोन महिन्यांच्या वयात सुरू करून ३ ते ४ आठवड्यांच्या अंतरानं ४ महिन्यांचं होईपर्यंत द्यायची आणि वर्षानं परत. एवढी चांगली लस असताना पिलं या रोगानं जातात, याचं मला दर वेळी तितकंच वाईट वाटतं.

मोठ्या कुत्र्याच्या अंगावर गोचीड असतील, ते मलूल असेल, हिरड्या पांढऱ्या पडल्या असतील आणि त्यात डोळे लाल-धुरकट झाले असतील, तर गोचीड तापाची शंका घ्या. त्यात डोळ्याच्या आत सूज येते, कधी रक्तही उतरतं. डोळ्यात थेंब घालून हे बरं होत नाही, रक्त तपासून पोटातलं औषध द्यावं लागतं.

शहरातल्या वाचकांनी कोरड्या डोळ्याकडं लक्ष द्या. कॉकर स्पॅनियल, ल्हासा, पग, शिह त्झू यांच्यात हे खूप दिसतं. आसवं कमी झाली की डोळा त्यांच्या जागी चिकट, तारेसारखा ओढला जाणारा चीक सोडतो. तो बघून जंतूंचं औषध दिलं जातं, आठ दिवस बरं वाटतं, बंद केलं की परत सुरू. असं दोन-तीनदा झालं असेल तर आसवांची मोजणी करून घ्या. कागदी पट्टी पापणीत अडकवून एक मिनिट ठेवतात. १५ मिलिमीटर किंवा त्याहून जास्त ओली झाली तर ठीक, १० च्या खाली आली तर डोळा कोरडा. सायक्लोस्पोरिनचं मलम बहुतेकांना जन्मभर लावावं लागतं, पण लावलं तर डोळा राहतो. न लावलं तर बुबुळ काळपट पडत जातं.

पांढऱ्या केसांच्या कुत्र्यांच्या डोळ्यांखालचे तांबूस ओघळ हा वेगळा विषय. आसवांतल्या पोर्फिरिन नावाच्या द्रव्यानं केस रंगतात. डोळा दुखत नसेल तर रोज पुसून कोरडं ठेवणं पुरतं. आणि आतल्या कोपऱ्यात एकाएकी लाल चेरीसारखा गोळा आला तर तो कापून टाकू देऊ नका. ती आसवांची ग्रंथी आहे, डोळ्याची सुमारे एक तृतीयांश आसवं ती बनवते. ती जागेवर शिवून बसवतात.

दवाखाना लांब म्हणालात. तालुक्याचा सरकारी पशुवैद्यकीय दवाखाना फक्त गाई-म्हशींचा असतो असा पुष्कळांचा समज आहे, पण तिथं कुत्रीही बघतात. तिथून पुढं मोठं काही लागलंच तर पुण्याच्या वाटेवर शिरवळला क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. नेताना एवढं लक्षात ठेवा की दुखऱ्या डोळ्याचं कुत्रं घरच्यालाही चावू शकतं. मऊ कापडी पट्टीनं तोंड सैलसर बांधा, नाक मोकळं राहील असं. चपट्या तोंडाच्या कुत्र्याला मात्र बांधू नका. चावलंच तर साबण लावून वाहत्या पाण्यात १५ मिनिटं जखम धुवायची आणि रेबीजच्या लसीसाठी दवाखान्यात जायचं, आपलंच कुत्रं असलं तरी.

बाळाचं विचारलंत. कुत्र्याच्या डोळ्यातली जखम किंवा त्यातला पू बाळाला सहसा लागत नाही. तरी बाळानं त्याच्या तोंडाला हात लावू नये, औषध घातल्यावर तुम्ही साबणानं हात धुवावेत, पुसलेले बोळे उघड्यावर टाकू नयेत. चिपडांवर माश्या बसू देऊ नका. डोळ्यात राहणारा एक बारीक पांढरा, दोऱ्यासारखा किडा माश्यांतून एका जनावराकडून दुसऱ्याकडं जातो, क्वचित माणसाकडंही. वाघ्याचं तोंड स्वच्छ राहिलं तर त्याचंही भय नाही.

आणि आता तुमचा रात्री आलेला निरोप, बाकीच्या वाचकांसाठी. मालकांनी तोड मुकादमावर सोपवली, वाघ्याला गाडीवर दिरांच्या आणि स्वतःच्या मधे बसवलं आणि दिवेलागणीला दवाखाना गाठला. तिसऱ्या पापणीच्या मागून कुसळ निघालं. कॉर्नियाच्या खालच्या बाजूला मसुरीएवढा हिरवा डाग आला, सुदैवानं खोल नाही. फोटोत मला कडा साफ दिसल्या, त्यामुळं मीही निर्धास्त झाले. अशी वरवरची जखम, कारण काढून टाकलं की, आठवड्याभरात भरून येते.

म्हणून आता एवढंच पाळा. दिलेले थेंब सांगितलेल्या तासांनी घाला, रात्रीचाही चुकवू नका. दोन औषधं असतील तर मधे पाच-दहा मिनिटं जाऊ द्या, आधी थेंब, मग मलम. बाटलीचं टोक डोळ्याला टेकवू नका. कुत्र्याच्या पुढून हात नेला की ते डोकं मागं घेतं, म्हणून पाठीमागून हनुवटी धरून वरून थेंब सोडा, आणि लगेच भाकरीचा तुकडा द्या. गळ्यातला प्लास्टिकचा कोन जेवतानाही काढू नका, ताटली उंचावर ठेवा. पहिला दिवस तो भिंतीला आपटेल, केविलवाणा बघेल, सासूबाईंना त्याची दया येईल. दया येऊ दे, पण कोन राहू दे, कारण पंजाच्या एका फटक्यात मसुरीचा डाग वाटाण्याएवढा होतो. तोड संपेपर्यंत त्याला वस्तीवरच बांधा, सावलीत. डोळा पुन्हा मिटायला लागला किंवा त्यावर राखाडी थर दिसला तर शनिवारची वाट न बघता त्याच दिवशी न्या. तसं काही झालं नाही तर शनिवारी परत ती केशरी पट्टी लावून बघायला बोलावलंय, त्या दिवशी डोळा चांगला दिसला तरी जा, डाग पूर्ण गेला की नाही ते पट्टीलाच कळतं.

आणि मामंजींची ती बाटली उघडून महिना होऊन गेला असेल, तर ती आता मामंजींच्याही डोळ्यात घालू नका.